त्या रांगेत मी बसावं का?

पत्र, थोडक्यात आणि ओळख लपवून: लेखक ४६ वर्षांचे आहेत, एका कंपनीच्या हिशेब खात्यात काम करतात. दीड वर्षापूर्वी त्यांचे वडील गेले. त्यानंतर काही महिन्यांनी झोप बिघडली ती बिघडलीच. पहाटे तीनला जाग येते, मग उजाडेपर्यंत डोळे छताला. कामात आकडे चुकू लागले, वाचन सुटलं, घरात बोलणं कमी झालं. नेहमीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, शरीरात काही निघालं नाही. त्यांनी सरकारी निधीवर चालणाऱ्या मोफत समुपदेशन केंद्रासाठी चिठ्ठी दिली. हे गेले, टोकन घेतलं, बाकावर बसले. शेजारी एक तरुण बाई, मांडीवर मूल, हातात कागदांनी फुगलेली पिशवी. समोर एक वृद्ध गृहस्थ, एकटेच. फलकावर लिहिलेलं, 'पहिल्या भेटीसाठी अंदाजे सहा आठवडे'. 'माझा पगार बरा आहे, डोक्यावर छप्पर आहे, बायको समजूतदार आहे. मी इथे बसलो तर यांच्यातल्या कुणाची तरी जागा खातोय असं वाटलं. टोकन बाकावर ठेवलं आणि निघून आलो.' बायको म्हणते, आपण कर भरतो, आपला हक्क आहे. भाऊ म्हणतो, फुकट मिळतं ते तसलंच असतं, खासगीत जा. खासगी परवडेल, पण मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून. ते विचारतात, 'गरजूंसाठी असलेली सेवा मी घेणं योग्य आहे का? की एवढ्याशा दुःखासाठी मुलीच्या पैशांना हात लावू? की आपोआप बरं होईल म्हणून थांबू?' आणि अगदी शेवटी, 'पहिल्या भेटीत बोलायला सुरुवात कशी करायची, हेसुद्धा मला कळत नाही.'

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तीन पानांच्या पत्रात वडिलांवर दोन ओळी आहेत, झोपेवर चार, आणि त्या बाकावरच्या माणसांवर जवळजवळ एक पान. पिशवीतले कागद, मुलाच्या पायातला एकच मोजा, हे सगळं तुम्ही टिपलंत. स्वतःचं दुखणं मात्र घाईघाईने उरकलंत. तुम्ही माणूस म्हणून चांगले आहात हे त्यातून कळतं, पण त्या दिवशी तुमची नजर कुठे पळत होती, हेही कळतं.

तुम्ही हिशेबातले, म्हणून आधी हिशेबच करू. तुम्ही टोकन ठेवून आलात. ती जागा कुणाला मिळाली? त्या बाईला नाही, ती तुमच्या आधीपासून रांगेत होती. त्या आजोबांनाही नाही. तुमच्यामागचा एक माणूस एक घर पुढे सरकला असेल, इतकंच. ते काहीच नाही असं मी म्हणत नाही. पण वहीच्या दुसऱ्या बाजूला काय लिहिलं गेलं तेही बघा. तुमची नोंद झाली नाही. असं केंद्र पुढच्या वर्षासाठी पैसे मागतं तेव्हा त्याच्या हातात असतात ते आलेल्यांचे आकडे: किती जणांनी नाव नोंदवलं, किती आठवडे थांबावं लागलं, किती जणांना परत पाठवावं लागलं. बाकावरून गुपचूप उठून गेलेला माणूस कुठल्याच रकान्यात बसत नाही. कागदावर त्याचा अर्थ एवढाच निघतो की या माणसाला गरज नव्हती.

आणि रांग लांब का आहे? जगातले देश आपल्या आरोग्यावरच्या सरकारी खर्चातले सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास पैसे मानसिक आरोग्यावर खर्च करतात. त्यातही मध्यम उत्पन्नाच्या देशांत या रकमेतला ७० टक्क्यांहून अधिक भाग मोठ्या मनोरुग्णालयांकडेच जातो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात मांडलं आहे. म्हणजे घराजवळचं केंद्र, समुपदेशक, दर आठवड्याला भेटणारं कुणी, यांच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं. त्याच अहवालात असंही आहे की २०१९ मध्ये जगात दर आठ माणसांमागे एक जण कुठल्या ना कुठल्या मानसिक विकारासह जगत होता. एकीकडे आठातला एक, दुसरीकडे शंभरातले दोन. तो बाक आखूड आहे तो या हिशेबामुळे. तुमच्या बसण्या-न बसण्याने त्याची लांबी बदलत नाही.

आता 'गरजूंसाठी' या तुमच्या शब्दाकडे येते. हा शब्द कुठून आला? फलकावर तो होता असं तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिताना तुमचा पगार विचारला नाही, झोप विचारली. काही योजनांना उत्पन्नाची अट असते हे खरं. तशी अट असेल तर खिडकीवरचा कर्मचारी तुम्हाला स्पष्ट सांगेल आणि प्रश्नच मिटेल. पण अट नसताना ती स्वतःच स्वतःवर लादून घेणं म्हणजे पात्रतेचा अर्ज, छाननी आणि नकार, तिन्ही कामं तुम्ही बाकावर बसल्या बसल्या उरकलीत. कुणाला आधी बोलवायचं, कुणाचं प्रकरण तातडीचं, हे ठरवायला तिथे माणसं नेमलेली असतात. तुम्ही चेहरे बघून ठरवलंत. त्या बाईने तुमच्याकडे बघून काय ठरवलं असेल? कदाचित, हा माणूस किती थकलेला दिसतो.

सेवा सगळ्यांसाठी ठेवण्यामागे विचार असतो. इंग्लंडचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. २००६ मध्ये रिचर्ड लेयार्ड हे अर्थतज्ज्ञ आणि डेव्हिड क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ सरकारपुढे एक मुद्दा मांडत होते: नैराश्य आणि चिंता यांवर बोलण्याचे उपचार सरकारने मोठ्या प्रमाणावर दिले, तर कामावर परतणाऱ्या माणसांमुळे खर्च भरून निघेल. आधी दोन ठिकाणी प्रयोग झाला आणि २००८ पासून कार्यक्रम देशभर पसरू लागला. तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही नाव नोंदवता येतं, उत्पन्न कुणी विचारत नाही. दर भेटीला एक छोटी प्रश्नावली भरून घेतात, त्यामुळे किती जणांना बरं वाटलं हे लपत नाही. थांबण्याचीही मर्यादा ठरवलेली आहे: ७५ टक्के लोकांचे उपचार सहा आठवड्यांत आणि ९५ टक्क्यांचे १८ आठवड्यांत सुरू व्हावेत. सगळं आलबेल आहे असं नाही, पण कुणालाही जाब विचारता येईल असा आकडा तरी भिंतीवर आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर, ज्यांना पत्र लिहिता येतं, तक्रार करता येते, आकडा विचारता येतो अशी माणसं सरकारी सेवेतून निघून जातात, तेव्हा मागे राहणाऱ्यांची बाजू अजून दुबळी होते. तुम्ही मला तीन पानं लिहिलीत. त्या केंद्राला कुणी लिहिलंय का?

पण तुमची शंका अगदीच हवेतली नाही. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये 'बेटर अ‍ॅक्सेस' नावाची योजना आणली, मानसशास्त्रज्ञांच्या भेटींचा खर्च सरकार उचलेल अशी. लाखो लोकांनी ती वापरली. २०२२ मध्ये तिचं मूल्यमापन झालं, तेव्हा दिसलं की वाढलेल्या वापराचा फायदा मोठ्या शहरांतल्या आणि बऱ्या उत्पन्नाच्या लोकांना जास्त झाला, बाकीचे मागे राहिले. महासाथीच्या काळात तिथे वर्षाला दहाऐवजी वीस भेटी दिल्या होत्या. २०२२ संपताना जादा भेटी बंद करताना सरकारने कारण सांगितलं की आत असलेल्यांना जास्त भेटी मिळाल्या आणि नवे लोक आत येणं कमी झालं. त्या निर्णयावर बरीच टीका झाली. मला वाटतं दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं होतं. तुमच्यापुरता यातून निघणारा अर्थ असा: रांगेतून उठण्याची गरज नाही, पण आत गेल्यावर कसं वागायचं याला महत्त्व आहे. वेळ घेतली की जा. जमणार नसेल तर दोन दिवस आधी कळवा, ती वेळ खरोखर दुसऱ्याला मिळते. गटात बसून किंवा मार्गदर्शनाखाली पुस्तिका वापरून शिकण्याचा हलका पर्याय सुचवला तर तो कमीपणाचा मानू नका. बऱ्याच जणांना तेवढ्याने बरं वाटतं आणि समुपदेशकासमोर एकट्याने बसण्याची वेळ ज्याला ती हवीच आहे त्याच्यासाठी उरते. आणि बरं वाटल्यावर सवयीने जात राहू नका. अपराधी वाटण्याच्या जागी एवढं केलंत तरी खूप आहे.

तुमच्या पत्नी जे म्हणतात त्याच्याशी मी निम्मीच सहमत आहे. 'आपण कर भरतो' हे कारण ऐकायला ठणठणीत वाटतं. पण मग ज्याची नोकरी गेली आहे, जी आजारी आईला सांभाळत घरी बसली आहे, त्यांचा हक्क कमी का? मन आजारी पडतं तेव्हा कमाई अनेकदा घसरते. तुम्ही तिथे जाऊ शकता कारण तुम्हाला गरज आहे, पावती नंतरची गोष्ट. (हे त्यांना या शब्दांत सांगू नका. त्यांनी तुमची बाजू घेतली आहे, ते जास्त मोलाचं.)

भावाच्या म्हणण्यावर मात्र थोडं थांबते, कारण 'फुकट ते तसलंच' हे वाक्य मला दर महिन्याला कुणाच्या तरी पत्रात भेटतं. त्यामागे अशी समजूत असते की मोठी पदवी, मोठी फी आणि बंद दार असेल तरच उपचार खरे. झिम्बाब्वेतली गोष्ट बघा. डिक्सन चिबांडा नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने २००६ मध्ये हरारेत एक काम सुरू केलं. संपूर्ण देशात मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. त्यांनी दवाखान्यांमधून आधीपासून काम करणाऱ्या वयस्क आरोग्यसेविकांना, म्हणजे तिथल्या आज्यांनाच, प्रशिक्षण दिलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकले. आजी बाकावर बसते, समोरच्याचं ऐकून घेते, मग दोघं मिळून ढीगभर अडचणींतली एक निवडतात आणि तिच्यावर काय करता येईल ते ठरवतात. तिथल्या शोना भाषेत या आजाराला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, फार विचार करणं. तुमच्या पहाटे तीनच्या छताचं याहून नेमकं वर्णन मला सुचलं नसतं. ५७३ जणांवर याचा रीतसर अभ्यास झाला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि सहा महिन्यांनंतर आज्यांच्या बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीच्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांपेक्षा बरीच कमी होती. गोव्यातही सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्य असलेल्या लोकांवर असाच अभ्यास झाला. तिथे समुपदेशक व्यावसायिक तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसं होती. सहा ते आठ भेटींचा तो उपचार कामी आला. खासगीतले सगळे निरुपयोगी असा याचा अर्थ नाही. समोरच्याला नीट शिकवलंय का, त्याच्यावर कुणी अनुभवी माणूस लक्ष ठेवतो का आणि तुम्हाला त्याच्याशी बोलता येतं का, या तीन गोष्टी फीपेक्षा जास्त सांगतात. हे तिन्ही प्रश्न सरकारी केंद्रातही विचारा, खासगीतही.

'एवढंसं दुःख' या शब्दांवर मी पेन्सिलीने खूण केली आहे. मी डॉक्टर नाही, निदान करणार नाही. पण झोप, काम, वाचन आणि घरातलं बोलणं या चारही गोष्टी कित्येक महिने बिघडलेल्या आहेत, त्याला मी एवढंसं म्हणणार नाही. शिवाय आपण कुणावर तरी ओझं आहोत, आपल्याला काही घेण्याचा अधिकार नाही, असं उगाच वाटत राहणं हे नैराश्याच्या ओळखीच्या लक्षणांपैकी आहे. म्हणजे तुम्हाला बाकावरून उठवणारा आवाज तुमच्या सभ्यपणाचा होता की आजाराचा, हे तुम्हाला एकट्याला ठरवता येणार नाही. ते कुणासमोर तरी बोलावं लागेल. वडील गेल्याचं दुःख वेगळं आणि नैराश्य वेगळं, कधी दोन्ही एकत्र असतात. ते सोडवून बघणं हे समुपदेशकांचं काम.

थांबावं का? काही दुखणी आपोआप ओसरतात. तुम्ही थांबून पाहिलं आहे, इतके महिने ही काही कमी मुदत नाही. आणि आणखी सहा महिन्यांनी अधिक बिघडून आलात, तर तुम्हाला आजच्यापेक्षा जास्त भेटी लागतील. ज्यांची जागा वाचवायला निघालात, त्यांचंच नुकसान.

म्हणून माझं म्हणणं: या आठवड्यात परत जा आणि नाव नोंदवा. अचानक रिकाम्या झालेल्या वेळेची यादी ठेवतात का, विचारा. तुमचं काम लवकर सुटता येण्यासारखं असेल तर त्या यादीत नाव घाला. पहिल्या भेटीनंतर दुसरी किती दिवसांनी, हेही आत्ताच विचारा. काही ठिकाणी पहिली भेट लवकर देऊन फलकावरचा आकडा सुंदर दाखवतात आणि दुसरी दोन महिन्यांनी येते. दरम्यान नेहमीच्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन सहा आठवड्यांची रांग आहे हे सांगा. झोपेसाठी काय करायचं, औषध हवं का, हे ते ठरवतील. कंपनी समुपदेशनाची सोय देत असेल तर तीही बघा, मात्र तिथलं बोलणं गुप्त राहतं का हे लेखी विचारून. मुलीच्या पैशांना आज हात लावू नका. रांग दोन-तीन महिन्यांवर गेली किंवा तब्येत घसरली, तर खासगीत एकदा दाखवून सल्ला घेणं वेगळं आणि दर आठवड्याचा खर्च ओढवून घेणं वेगळं. पहिलं करायला हरकत नाही.

या सगळ्याला एकच अपवाद. जगणं नको वाटलं, स्वतःला संपवण्याचा विचार डोकावला, तर रांग, टोकन, सहा आठवडे हे सगळं विसरायचं. त्याच क्षणी पत्नीला सांगायचं, जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं किंवा मदतवाहिनीला फोन करायचा. तिथे कुणाची जागा खाल्ली जात नाही. हे तुमच्या पत्रात नाही, तरी लिहिते, कारण हे सदर तुम्ही एकटेच वाचत नाही.

इतर वाचकांसाठीही थोडं. 'मानसिक आरोग्यासाठी एवढे कोटी' अशी घोषणा वाचली की आपल्याला बरं वाटतं आणि आपण पान उलटतो. तिथेच थांबून लोकप्रतिनिधीला किंवा आरोग्य खात्याला लेखी विचारण्यासारखे प्रश्न आहेत. रक्कम एकदाच मिळणार की दरवर्षी? तीन वर्षांच्या निधीवर उभं राहिलेलं केंद्र चौथ्या वर्षी कुलूप लावून बसतं, आणि ज्याला निम्म्यात सोडलं तो पुन्हा कुणावर विश्वास ठेवत नाही. इमारतीवर किती आणि माणसांच्या पगारावर किती? हे काम माणसं माणसांशी बोलून करतात, रंगवलेली इमारत कुणाचं ऐकून घेत नाही. मंजूर पदांपैकी भरलेली किती? मागच्या वर्षी दिलेल्यातले खर्च किती झाले? न वापरता परत गेलेला पैसा पुढच्या वर्षीची कपात सोपी करतो. आणि खर्चाने काय साधतं असं कुणी विचारलं, तर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला ३६ देशांचा हिशेब सांगा: नैराश्य आणि चिंतेच्या उपचारांवर घातलेल्या दर एका रुपयामागे चार रुपये परत येतात, सुधारलेल्या तब्येतीतून आणि काम करण्याच्या ताकदीतून. त्यांनी तो डॉलरमध्ये मांडला, पण गुणोत्तर तेच. तुमच्यासारख्या हिशेब खात्यातल्या माणसाने हे पत्र लिहिलं तर उत्तर टाळणं त्यांना जड जाईल. बरं वाटल्यावर लिहा, आत्ता नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मला वाटतं पत्र तुम्ही खरं तर त्याच्यासाठीच लिहिलंत. आदल्या रात्री एका कागदावर पाच-सहा ओळी लिहा: झोप कधीपासून, जाग किती वाजता, कामात काय चुकलं, काय करावंसं वाटेनासं झालं, कुठली औषधं चालू आहेत. बोलताना घसा भरून आला तर तो कागद पुढे सरकवा, चालतं. आणि सुरुवातीचं वाक्य तुमच्याच पत्रात आहे, मी फक्त परत देते: 'वडील गेल्यापासून मला पहाटे तीनला जाग येते.' पुढचं ते विचारतील.